एकट्याची होडी, घरभराची तयारी

कृष्णाकाठच्या माणसाला पाणी काही नवे नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड, भिलवडी, औदुंबर अशी गावे मागे टाकीत सांगलीला येते. वाटेत माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा आणि हरिपूरला वारणा तिला मिळते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचे जगणे या पाण्यावर उभे आहे. पावसाळ्यात सांगलीच्या नदीत होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा सांगलवाडी, कवठेपिरान, डिग्रज या गावांतील तरुणांचे वल्हे मारणे पाहायला दोन्ही काठ माणसांनी फुलून जातात. गुऱ्हाळावरची काहिल पाण्यात लोटून नदी ओलांडणारी माणसेही वारणेच्या आणि कृष्णेच्या काठाने पाहिली आहेत.

परंतु नदीच्या काठी राहणे वेगळे आणि नदी ओळखणे वेगळे. आपल्या वस्त्यांतून सहज विचारून पाहावे. नदीपासून हाकेच्या अंतरावर जन्मलेल्या किती जणांना पोहता येते? किती जणींना येते? वल्हे हाती धरलेला एक तरी माणूस घरात आहे काय? उत्तर बहुतेक घरांतून नकारार्थीच येईल. मग सुट्टीच्या दिवशी चार पोरे नदीवर जातात, त्यांतला एक परत येत नाही आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. दर उन्हाळ्यात हे घडते आणि दर उन्हाळ्यात आपण हळहळतो.

पाणी आणि आपण

याचे एक कारण इतिहासात आहे, ते विसरून चालणार नाही. ज्यांना पाणवठ्यावर जाण्याचीच बंदी होती, त्यांना त्या पाण्यात पोहायला कोण शिकवणार? विहिरीत उडी मारायची तर विहीर आपली असावी लागते किंवा निदान विहिरीच्या मालकाची हरकत तरी नसावी लागते. डॉ. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. पुढल्याच वर्षी उन्हाळी सुट्टीत ते भावंडांसह वडिलांकडे कोरेगावला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले आणि पुढच्या बैलगाडीच्या प्रवासात त्यांना घोटभर पाणी कोणी दिले नाही. डबा बरोबर होता, पण पाण्यावाचून तो खाता आला नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, त्यामागे या साऱ्या तहानेचा हिशेब होता.

पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळाला. आता त्या पाण्याचे ज्ञान मिळवणे हे आपले काम आहे. पोहणे, होडी चालवणे, नदी वाचणे या गोष्टी श्रीमंतांच्या छंदात जमा करून सोडून देण्यासारख्या नाहीत. पूर येतो तेव्हा तो सर्वप्रथम आपल्याच सखल वस्त्यांत शिरतो, हे २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वेळी आपण पाहिले आहे.

एका तरुणाचा बेत

हे सारे आज लिहिण्यास निमित्त असे घडले. आमच्या परिचयाचा एक तरुण कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला आहे. इंग्रजीत जिला कॅनो म्हणतात तशी एक अरुंद, लांबट, फायबरची होडी त्याने जुन्या बाजारातून हप्त्यांवर घेतली. तिची भगदाडे स्वतः बुजवली, रंग दिला. बेत असा की, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर होडी पाण्यात घालायची, एकट्यानेच वल्हवत सांगलीपर्यंत यायचे आणि वाटेत दोन रात्री काठावर काढायच्या. बरोबर कोणी नको. त्याची आई माझ्याकडे आली. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्याला दोन शब्द सांगा. तुमचं ऐकतो. एकटाच नदीत जायचं म्हणतोय."

तिला वाटले, मी त्याला जाऊ नको म्हणेन. मला तसे म्हणावेसे वाटले नाही. आठवडाभर यंत्रापुढे उभा राहणारा मुलगा चार दिवस स्वतःच्या हिमतीवर नदीत काढू इच्छितो, यात वाईट काय? परंतु माझा पेशा कारकुनाचा, शिक्षण बी. कॉम. त्यामुळे मी कागद पुढे ओढला आणि त्याला म्हटले, आपण आधी हिशेब करू.

कऱ्हाड ते सांगली सडकेने सत्तर किलोमीटरहून अधिक. नदी वळणे घेत जाते, म्हणजे पाण्यावरचे अंतर त्याहूनही जास्त. संथ पाण्यात सरावलेला माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो. नवशिक्याने तीनच धरावेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वल्हवणे पहिल्या खेपेस खांद्यांना झेपत नाही. तीन गुणिले पाच, पंधरा. समोरून वारा आला, बंधाऱ्याला होडी उतरवून उचलून न्यावी लागली, तर पंधराचे दहा होतात. म्हणजे दोन रात्रींच्या बेताला पाच-सहा रात्री लागणार. रजा किती? तीन दिवस. शिधा किती? दोन दिवसांचा. तरुण गप्प झाला. आई मात्र पहिल्यांदा हसली.

बेत मोडला नाही, लांबणीवर पडला. आणि तयारी सुरू झाली.

तयारी म्हणजे भित्रेपणा नव्हे

आपल्याकडे धाडस म्हणजे मागचापुढचा विचार न करता उडी घेणे, असा एक गैरसमज रुजला आहे. ज्यांनी खरोखरच एकट्याने पाणी कापले त्यांचे चरित्र पाहिले तर वेगळेच दिसते.

सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी नावाचे गाव आहे. नौदलातून निवृत्त झालेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी तेथे राहात. भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांची. ती अंगावर घेतली कमांडर दिलीप दोंदे यांनी. २००६ साली त्यांनी होकार दिला. पुढची तीन वर्षे होडी बांधून घेण्यात, तिचा खिळा अन् खिळा समजून घेण्यात आणि सरावात गेली. 'म्हादेई' ही त्यांची होडी गोव्यात बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी तीन वर्षांची. हे प्रमाण प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावे. आवटीसाहेब २०१८ साली गेले, पण समुद्रापासून इतक्या दूरच्या दुष्काळी गावात बसून त्यांनी समुद्राचे स्वप्न पाहिले, हे साताऱ्याच्या माणसाला अभिमानाचे आहे.

दुसरे नाव दत्तू भोकनळ यांचे. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. तेथे प्यायच्या पाण्याचीच मारामार. वडील विहिरी खोदण्याच्या कामाला जात. वडील गेल्यावर घराचा भार दत्तूवर आला. २०१२ साली ते लष्करात भरती झाले आणि नौकानयनात आले, तेव्हा त्यांना पाण्याचीच भीती वाटत होती. ती भीती त्यांनी रोजच्या सरावाने घालवली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत ते भारताकडून उतरले आणि तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. विहीर खोदणाऱ्याचा मुलगा ऑलिम्पिकच्या पाण्यात उतरू शकतो. मात्र तो एका दिवसात उतरलेला नाही.

आधी अंग, मग होडी

होडीवर खर्च करण्यापूर्वी अंगाची तयारी करावी. पोहायला येणे ही पहिली अट. येथे पोहणे म्हणजे चड्डीवर चार हात मारणे नव्हे. अंगावर शर्ट-पँट असताना किमान दहा मिनिटे पाण्यावर तरंगता आले पाहिजे, उताणे पडून श्वास सावरता आला पाहिजे. ओले कपडे अंगाला कसे चिकटतात हे काठाजवळच अनुभवलेले बरे.

दुसरी गोष्ट, होडी उलटण्याचा सराव. कमरेइतक्या संथ पाण्यात, काठावर दोन जाणती माणसे उभी असताना, होडी मुद्दाम पालथी करावी. तिच्यातून बाहेर कसे पडायचे, वल्हे हातातून कसे सुटू द्यायचे नाही, होडी सुलटी कशी करायची, पाणी कसे उपसायचे, हे दहा वेळा करावे. होडी उलटली तर ती सोडून काठाकडे पोहत सुटण्याचा मोह होतो. पाण्यातून काठ जवळ दिसतो, पण तो जवळ नसतो. होडीला धरून राहावे. तरंगणारी होडी लांबूनही दिसते, नुसते डोके दिसत नाही. त्यासाठी होडीच्या दोन्ही टोकांत घट्ट झाकणाचे रिकामे कॅन किंवा थर्माकोल पक्के बांधून ठेवावे, म्हणजे पाणी भरले तरी होडी तळाला जात नाही.

तिसरी गोष्ट, वल्हवणे. ते हातांचे काम आहे असे वाटते. खरा जोर कमरेतून आणि पाठीतून लावायचा असतो, नाहीतर तासाभरात दंड भरून येतात. भोई आणि कोळी समाजातील जुन्या नावाड्यांकडे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्याजवळ बसून, चहा पाजून शिकून घ्यावे. असले गुरू पैशाने मिळत नाहीत.

नदी वाचायला शिका

नदीवरील सर्वांत फसवी जागा म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवतात. वरून पाणी अगदी संथ, आरशासारखे दिसते. होडीत बसलेल्या माणसाला पुढे फक्त एक आडवी रेघ दिसते आणि मंद आवाज येतो. त्या रेघेपलीकडे पडणारे पाणी खाली गेल्यावर उलटे फिरते आणि जे सापडेल ते पुन्हापुन्हा आत ओढते. त्यात पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. म्हणून मार्गावर बंधारे किती व कोठे आहेत, हे आधी सायकलवरून काठाकाठाने फिरून पाहावे. बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागावे, होडी उचलून पलीकडे न्यावी आणि मगच पुन्हा पाण्यात घालावी.

दुसरी बाब विसर्गाची. धरणातून पाणी सोडले की वर्तमानपत्रात 'इतके क्युसेक' असे छापून येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ हजार लिटर. हा आकडा वाचूनच ठरवावे की आज जायचे की नाही. रात्री पाणी वाढू शकते, म्हणून मुक्काम नेहमी काठापासून दूर आणि उंचावर करावा. नदीच्या मधल्या वाळूच्या बेटावर कधीही झोपू नये.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी मानतात. २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांच्या वर गेली होती. पुराच्या पाण्यात हौस म्हणून होडी घालणे म्हणजे आत्मघात. खाली कुंपणाच्या तारा असतात, विजेचे खांब असतात, वाहून आलेली झाडे असतात. होडीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तोही सकाळचा. दुपारनंतर वारा सुटतो आणि हलकी होडी पानासारखी भिरकावली जाते.

तिसरी बाब मगरींची. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात मगरींचा वावर आहे आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. हिवाळ्यात सकाळी त्या काठावर ऊन खात पडतात. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची अंडी घालण्याची वेळ असते, तेव्हा त्या अधिक आक्रमक होतात. मगर दिसली तर लांबून वळसा घालावा, फोटोसाठी जवळ जाऊ नये. हात-पाय होडीबाहेर लोंबकळत ठेवू नयेत. तिन्हीसांजेला पाण्याच्या कडेला भांडी घासत, मासे साफ करीत बसू नये. कायद्याने तिला संरक्षण आहे, दगड मारणे गुन्हा आहे. या पट्ट्यात पहिली सहल करूच नये, असे माझे मत आहे.

शिवसागरच्या वाटेने

रानावनातून होडी हाकायची म्हटले की सातारकरांना कोयनेचा शिवसागर आठवतो. कोयना धरणामुळे अनेक गावे उठली आणि उरलेल्यांचे येणे-जाणे पाण्यावरून सुरू झाले. तापोळा आणि बामणोली येथून लाँच सुटतात. तापोळ्याजवळ तराफ्यावरून गाड्यासुद्धा पलीकडे नेतात. तेथील माणसांना पाणी ही वाट आहे, मौज नाही. वासोट्याला जायचे तर बामणोलीहून लाँचने जलाशय ओलांडावा लागतो.

परंतु पलीकडचे रान हे कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तेथे उतरणे हा गुन्हा ठरतो. जलाशयात स्वतःची होडी घालण्यापूर्वी पाटबंधारे खात्याकडेही चौकशी करावी. आपण गरीब माणसे. दंड भरण्यापेक्षा अर्ज करणे स्वस्त. अर्ज साध्या मराठीत लिहावा, पोच घ्यावी, पोच प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवावी. खोऱ्यात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, हेही ध्यानात असावे. २०२४ साली जावळी तालुक्यातील मुनावळे येथे जलपर्यटन केंद्राचे उद्घाटन झाले. जाणकारांच्या देखरेखीखाली पाण्यावर उतरता येते अशा ठिकाणी आधी जाऊन यावे. एकट्याने मोठ्या जलाशयात जाणे ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

सामानाची यादी

पैसे थोडे असतील तर पहिला पैसा लाईफ जॅकेटवर घालावा, रंगावर आणि नक्षीवर नव्हे. जॅकेट घालून सर्व पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याला दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. ते कानापर्यंत वर आले तर सैल आहे. जॅकेट होडीत ठेवायचे नसते, अंगात घालायचे असते. उन्हात उकडते म्हणून काढून ठेवणारे बुडतात.

बाकीची यादी अशी: एक जादा वल्हे, पंधरा-वीस मीटर नायलॉनचा दोर, पाणी उपसायला डबा, गळ्यात शिट्टी, बॅटरी, चाकू, टोपी, कोरड्या कपड्यांचा एक जोड, चादर, काडेपेटी. कोरडे राहायला हवे ते सर्व फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक बरणीत भरावे. बाजारातील महागड्या पिशवीचेच काम ती बरणी करते. प्यायचे पाणी दिवसाला किमान तीन-चार लिटर, ते घरून न्यावे, कारण नदीचे पाणी आता पिण्यासारखे उरलेले नाही. शिधा म्हणून ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे, चुरमुरे पुष्कळ झाले. औषधांत मीठ-साखरेच्या पुड्या, पट्टी आणि मलम. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी दवाखाना गाठावा, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. आणि दारूचा एक थेंबही नको. पाणी आणि दारू यांची संगत कोणालाच लाभलेली नाही.

जड सामान तळाला आणि मधोमध ठेवावे. एका टोकाला भार गेला की होडी वाकडी धावते. सामान दोरीने होडीला बांधावे, दोरी स्वतःच्या अंगाला कधीही बांधू नये.

घरी ठेवायचा कागद

सर्व सामानात महत्त्वाची वस्तू होडीत नसते, ती घरी असते. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहावे: कोठून निघणार, कोठे कोठे थांबणार, कोठे पोचणार, किती वाजेपर्यंत निरोप येईल आणि न आल्यास कोणाला कळवायचे. त्याखाली ११२ हा मदतीचा क्रमांक. हा कागद आईजवळ, पत्नीजवळ द्यावा आणि वाचून दाखवावा. ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहायची हेही ठरवावे, म्हणजे घरचे माणूस उगाच घाबरणार नाही आणि भिडेपोटी गप्पही बसणार नाही. त्या तरुणाच्या आईला अक्षरओळख प्रौढ शिक्षण वर्गात झालेली. तिने तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, "आणि तुला उशीर झाला पण काही झालं नसलं तर?" त्या एका प्रश्नामुळे कागदावर वाटेतल्या दोन गावांतील ओळखीच्या माणसांचे फोन चढले. एकट्याचा प्रवास हा शब्दापुरताच एकट्याचा असतो. होडीत एक जण बसतो, काठावर अख्खे घर उभे असते.

पायरी पायरीने

पहिल्या दिवशी एक तास, काठावर माणूस उभे करून. मग अर्धा दिवस. मग सकाळ ते संध्याकाळ. हे चार-पाच वेळा सुखरूप झाले की एक रात्र. जाताना प्रवाहाच्या किंवा वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमलेल्या अंगाने परतताना पाणी मदत करते. अंतर मोजून परत फिरू नये, वेळ मोजून फिरावे. चार तास हातात असतील तर दीड तास होताच होडी वळवावी. उरलेला एक तास अडचणीसाठी शिल्लक टाकावा, जसा पगारातून दवाखान्यासाठी टाकतो तसा.

मन घाबरले तर परत फिरावे. त्यात लाज नाही. नदी पुढच्या रविवारीही तेथेच असते.

आमचा तरुण अजून अर्ध्या दिवसाच्या पायरीवर आहे. गावाजवळच्या डोहात तो दर रविवारी जातो आणि दुपारी बारापूर्वी परततो. कऱ्हाडहून निघायचा बेत पुढच्या हिवाळ्यावर गेला आहे.

ब्रह्मनाळ विसरू नका

हे सर्व एका हौशी मुलापुरते आहे, आम्हाला याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांना ब्रह्मनाळची आठवण करून द्यावीशी वाटते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील त्या गावी पुरातून सुटका करणारी बोट उलटली. डझनाहून अधिक माणसे बुडाली, त्यांत बायका आणि मुले होती. बोटीत पेलवेल त्यापेक्षा जास्त माणसे चढली होती. पाणी गळ्याशी आलेल्या माणसाला कोणी दोष देऊ नये. मात्र बोट किती माणसे पेलते, भार कसा विभागायचा, तोल जातोय असे वाटले तर उभे न राहता खाली बसायचे, जॅकेट आधी कोणाला द्यायचे, हे जाणणारी माणसे प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत असायला हवीत. एकट्याने होडी हाकायला शिकलेला तरुण पुराच्या दिवशी साऱ्या वस्तीच्या उपयोगी पडतो.

म्हणून मंडळांना आणि महिला मंडळांना एक सुचवावेसे वाटते. जयंतीच्या मिरवणुकीचा खर्च थोडा आवरून पाच-सहा लाईफ जॅकेटे आणि एक लांब दोर घ्यावा आणि ते विहारात टांगून ठेवावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहण्याचा वर्ग चालवावा. त्यात मुलींची संख्या मुलांइतकीच असावी. पुरात लुगडे नेसलेल्या बाईला पोहता आले नाही तर ती आणि तिच्या कडेवरचे मूल दोघेही जातात. बुडणाऱ्याला पाहून पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये, दोर फेकावा, काठी द्यावी, साडी फेकावी, रिकामा कॅन फेकावा, हे दहा वर्षांच्या मुलालाही शिकवावे. वर्ग सुरू करण्यास एप्रिलची वाट पाहण्याचे कारण नाही. या रविवारी मुलांची यादी तरी करता येईल: कोणाला पोहता येते, कोणाला नाही. दोन रकाने आखावेत. दुसरा रकाना दरवर्षी लहान होत गेला पाहिजे.